दोरा गेला, खेळही गेला: चिंगीचं प्रकरण

चिंगी ही साधी देशी मांजर. राखाडी पट्ट्यांची, सव्वा वर्षाची, तीन किलोच्या आसपास वजनाची. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. घरात आजी, मुलगा, सून आणि सातवीतली नात. आजी घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. त्यांचं मशीन हॉलमध्ये, खिडकीपाशी. चिंगी पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडली. लसी वेळेवर झालेल्या, नसबंदी झालेली आणि घरी आल्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. घरच्यांची परवानगी घेऊन, त्यांची ओळख कळणार नाही अशा बेताने लिहिते आहे.

हे प्रकरण दोन भेटींचं आहे. पहिली भेट म्हणजे मांजराने दोरा गिळला, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांकडे अशा केसेस येतच असतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. चिंगी साधारण दोन महिन्यांनी पुन्हा आली, आणि ती दुसरी भेट मला जास्त महत्त्वाची वाटते. मांजराला खेळणं कोणतं द्यावं, हा प्रश्न आपण दुकानातल्या वस्तूपुरता बघतो. चिंगीच्या बाबतीत वस्तू काढून टाकल्यावर जे झालं, त्याने त्या घराला आणि मलाही हा प्रश्न नीट मांडायला लावला.

पहिली भेट

सूनबाई टोपली घेऊन आल्या तेव्हा त्यांना केसांच्या गोळ्याची शंका होती. दोन दिवस उलट्या. आधी खाल्लेलं अन्न, मग पिवळसर पाणी. खाणं बंद, लिटर ट्रे (तिची शी-शूची पेटी) कोरडा. आजींनी लोणकढं तूप चाटवलं होतं, गोळा सुटेल म्हणून. मांजर केस चाटतं, गोळा ओकतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे मांजराची कुठलीही उलटी त्याच खात्यात जमा होते. पण गोळा ओकून टाकलेलं मांजर तासाभरात भांड्यापाशी येऊन ओरडतं. जे मांजर दिवसभर काही खात नाही आणि पुन्हा पुन्हा ओकतं, त्याला तूप, एरंडेल, दही यातलं काहीही न देता डॉक्टरकडे आणावं. माणसांची पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. जाता जाता सांगते, कारण अजूनही कोणी ना कोणी ती देऊन येतं.

चिंगी पाठ कमानीसारखी करून बसली होती. अंगातलं पाणी कमी झालेलं. पोटाला हात लावला की आवळून घ्यायची. उलट्या करणारं मांजर समोर आलं की एक गोष्ट चुकवायची नाही: तोंड उघडून जीभ वर करून बघायचं. जबड्याच्या दोन हाडांच्या मधून अंगठ्याने खालून दाबलं की जीभ उचलली जाते. चिंगीच्या जिभेखाली मोरपंखी रंगाचा दोरा मुळाभोवती अडकून मांसात रुतला होता आणि त्याची दोन्ही टोकं घशात गेली होती.

मी सूनबाईंना दाखवलं. त्यांनी लगेच ओळखला. "ही परवाच्या पैठणीची शेड आहे. आई शोधत होत्या हे रीळ."

असा दोरा लाडू-गोट्यांसारख्या गिळलेल्या वस्तूंपेक्षा वेगळ्या तऱ्हेने जीव घेतो. गोल वस्तू पुढे सरकते किंवा एका जागी अडते. दोऱ्याचं एक टोक वर जिभेला किंवा जठराच्या तोंडाशी अडकलेलं असतं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडं आपल्या सवयीने त्याला पुढे ढकलू बघतं. दोरा हलत नाही, मग आतडंच दोऱ्यावर चढत जातं. पायजम्याची नाडी ओढली की नेफा चुणत जातो, तसं सगळं आतडं चुण्या पडून गोळा होतं. मग ताणलेला दोरा आतल्या बाजूने आतडं कापायला लागतो. एकदा भोक पडलं की आतली घाण पोटात सांडते आणि तिथून पुढे वेळ फार थोडा उरतो. म्हणूनच मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढायचा नाही. दुसरं टोक कुठे आणि कशात अडकलंय हे बाहेरून कळत नसतं. दोरा तसाच लोंबता ठेवून मांजराला डॉक्टरकडे आणावं.

एक्स-रेमध्ये दोरा दिसत नाही. सुई असती तर दिसली असती. आपल्याला दिसतं ते आतड्याचं वागणं: सगळं एका बाजूला जमा झालेलं आणि आत हवेचे छोटे, टोकदार बुडबुडे. चिंगीच्या फिल्मवर ते होते. सोनोग्राफीत चुण्या स्पष्ट दिसल्या. सलाईन लावून तिला थोडं सावरलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. आधी जिभेखालचा वेढा कापून दोरा सैल केला. मग जठर उघडून तिथला गुंता काढला, आणि आतड्यावर दोन ठिकाणी छेद घेऊन उरलेला. दोरा अजून कुठे आरपार कापून गेला नव्हता. पुढचे चार-पाच दिवस शिवलेल्या जागी गळती होते का याची धास्ती असते. ते दिवस नीट गेले. चिंगी गळ्यात कॉलर घालून घरी गेली, टाके निघाले आणि तिची फाईल मी कपाटात ठेवली.

घरी पाठवताना सगळ्यांना बसवून विचारलं होतं की दोरा तिला मिळाला कसा. नातीने मोबाईल पुढे केला. त्यात चिंगी रिळाशी खेळतानाचे कितीतरी व्हिडिओ होते. रीळ घरंगळतंय, दोरा उलगडतोय, ती त्यावर झेपावतेय. बघायला खरोखर गोड. "ती फक्त खेळायची, खायची नाही कधी," नात म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मांजर दोरा खायचा म्हणून खातच नाही. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक कडक काटे असतात. नख ज्या पदार्थाचं असतं त्याच केराटिनचे. दोरा एकदा त्या काट्यांवर बसला की थुंकून टाकता येत नाही. जीभ हलवली की तो आतच सरकतो. दोरा लांब असेल तर मांजर गिळत राहतं, कारण तेवढा एकच मार्ग त्याच्यापाशी उरतो. वर्षभर काही झालं नाही, याचा अर्थ वर्षभर दोरा जिभेच्या मागच्या भागापर्यंत पोचला नव्हता, इतकाच.

दुसरी भेट

दोन महिन्यांनी आले ते चौघंही आले. टोपली नातीच्या मांडीवर आणि आजींच्या उजव्या घोट्याला बँडेज.

चिंगीने आजींना चावलं होतं. आधी नखं लागत होती, या वेळी दात बसले. आजी रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात, त्यामुळे रक्त थांबायला वेळ लागला आणि घर घाबरलं. फॅमिली डॉक्टरांनी जखम धुऊन औषधं दिली होती, रेबीजच्या लसीचंही त्यांनीच बघितलं होतं. मांजराचं लसीकरण झालेलं असलं तरी चावा माणसांच्या डॉक्टरांना दाखवायचाच. मांजराचे दात बारीक आणि लांब असतात, जखम वरून मिटते आणि आत पू धरतो.

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. रात्री तीन-चार वाजता चिंगी घरभर धावते. मोबाईलची चार्जर वायर कुरतडली. वजन तीन किलो शंभरवरून तीन किलो आठशेवर गेलेलं. पोटाखालचे केस चाटून चाटून गेले होते, कातडी उघडी पडली होती. सासवडजवळ एका नातेवाइकांचं शेत आहे, तिथे सोडून यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. नात रडून लाल झाली होती. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, ऑपरेशनच्या वेळी डोक्याला काही झालं नाही ना?"

वागण्याचा विचार करण्याआधी शरीर तपासायचं, हा क्रम मी सोडत नाही. टाक्यांची जागा दुखतेय का, पिसवा आहेत का, बुरशी आहे का, लघवीचा त्रास आहे का, सगळं बघितलं. पोटाखाली चाटणाऱ्या मांजराच्या मूत्राशयात दुखत असू शकतं, म्हणून लघवी तपासली, सोनोग्राफीही केली. सगळं स्वच्छ निघालं.

मग विचारलं, ऑपरेशननंतर घरात काय बदललं?

सगळंच बदललं होतं. घाबरलेल्या माणसांनी जे केलं ते प्रेमापोटीच केलं. मशीन आतल्या खोलीत गेलं आणि ती खोली कायम बंद राहू लागली. आजीही दिवसभर त्याच खोलीत. सगळी खेळणी पिशवीत बांधून माळ्यावर टाकली. नातीला सक्त ताकीद: मांजराशी खेळायचं नाही, पुन्हा काही गिळलं तर? मुलगा-सून नऊला घराबाहेर पडतात, नात शाळेत जाते. ऑपरेशनने अशक्त झाली म्हणून चिंगीच्या भांड्यात ड्राय फूड दिवसभर भरलेलं. म्हणजे सव्वा वर्षाचं, तरतरीत, निरोगी जनावर रोज नऊ-दहा तास रिकाम्या हॉलमध्ये, भरल्या भांड्यापाशी, हलणारी एकही गोष्ट नसताना.

चावते कधी? संध्याकाळी. आजी खोलीतून निघून पॅसेजमधून स्वयंपाकघरात जातात तेव्हा. कुठून येते? चपलांच्या रॅकमागून. आवाज करते? नाही. कान कसे असतात? नातीने हाताने दाखवलं: पुढे. "आणि आधी मागचा भाग असा हलवते," ती म्हणाली.

चिडलेलं मांजर फिस्कारतं, कान मागे पाडतं, शेपूट फुलवतं. नातीने सांगितलेलं वर्णन शिकारीचं होतं. दिवसभरात त्या घरात हलणारी एकच गोष्ट चिंगीसमोरून जात होती आणि ती म्हणजे आजींच्या साडीचा काठ आणि त्याखालचे घोटे.

मी हे सांगत असताना आजी बोलल्या. आधी आवाजात जरा धारच होती. "आमच्या वाड्यात चार-चार मांजरं असायची. कोणी खेळणी आणून दिली होती त्यांना? उंदीर धरायची, पाली धरायची, दुपारी पडवीत झोपायची. कोणाला चावली नाहीत."

त्यांनी रोगाचं नेमकं निदान केलं होतं. वाड्यातल्या मांजराला खेळणं लागत नव्हतं, कारण उंदीर होता. एका उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. चिंगीएवढ्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास लागतात. म्हणजे पोट भरायचं तर दिवसाला सहा-सात उंदीर, आणि प्रत्येक झेप काही साधत नाही. दिवसभर दबा धरणं, पाठलाग, झेप, चुकणं, पुन्हा दबा. मांजराचं शरीर आणि मेंदू या कामासाठी घडलेला आहे. नसबंदी केली, फ्लॅटमध्ये आणलं, भांडं भरून ठेवलं, तरी हे काम त्याच्या अंगातून जात नाही. खेळ म्हणजे त्याच कामाला घरात दिलेली जागा. आपण चिंगीचा धोकादायक उंदीर काढून घेतला होता आणि त्या जागी दुसरा ठेवला नव्हता. मी हे आजींना म्हटलं तेव्हा त्या नातीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मीच उंदीर झाले होय गं!" आणि त्यानंतर शेताचा विषय पुन्हा निघाला नाही.

माळ्यावरची पिशवी

दोन दिवसांनी सूनबाई आणि नात ती पिशवी घेऊन आल्या. टेबलावर ओतली आणि एकेक वस्तू हातात घेऊन आम्ही ठरवलं.

सगळ्यात आधी निघाली पिसं लावलेली काडी, बारीक इलास्टिक दोरीला टांगलेली. चिंगीचं सर्वांत आवडतं खेळणं, आणि दोऱ्याच्या दृष्टीने सर्वांत धोकादायकही. नातीला वाटलं मी ती पहिली फेकणार. ती मी ठेवली. काडीमुळे माणसाचा हात मांजराच्या दातांपासून लांब राहतो आणि पुढच्या टोकाला शिकारीसारखं हलवता येतं. एवढं काम करणारी दुसरी वस्तू नाही. फक्त इलास्टिक काढून दोन बोटं रुंदीची जाड कापडी पट्टी काडीला पक्की बांधायला सांगितली. शिवाय एक अट: काडी माणसाच्या हातात असेल तेव्हाच बाहेर. खेळ संपला की थेट स्टीलच्या कपाटात, कपाटाला कडी. सोफ्यावर ठेवून गेलात तर ती काडी पुन्हा दोराच आहे, पट्टी कितीही जाड असली तरी.

मग बॅटरीवर पळणारा उंदीर. त्यात बटण सेल होता आणि झाकण नुसतं दाबून बसवलेलं, स्क्रू नव्हता. बटण सेल गिळला गेला तर ओल्या अन्ननलिकेत त्यातून विजेचा प्रवाह वाहतो, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन-तीन तासांत अन्ननलिका भाजून निघते. लहान मुलांच्या बाबतीतही हेच होतं. तो उंदीर बाद. मऊ फरचे दोन उंदीर होते, त्यांचे डोळे गोंदाने चिकटवलेले, शेपूट सुतळीची. नातीला म्हटलं, ओढून बघ. एक डोळा लगेच हातात आला. सगळे डोळे काढले, शेपट्या मुळापासून कापल्या, उरलेलं अंग मांजराच्या तोंडात अख्खं मावत नाही हे बघितलं आणि ते ठेवले. मांजराला डोळ्यांशी काही देणंघेणं नसतं, ते विकत घेणाऱ्या माणसासाठी लावलेले असतात. स्पंजच्या चेंडूवर दातांचे ठसे होते आणि एक लचका गायब होता. तो टाकला. घुंगरू घातलेला प्लास्टिकचा जाळीदार चेंडू होता, त्याच्या फटीत नख अडकून उपटलं जाऊ शकतं, तोही टाकला.

लेझरच्या लाल ठिपक्यावर आमची थोडी चर्चा झाली, कारण तो मुलाचा आवडता होता: सोफ्यावर बसूनच काम होतं. ठिपका गिळता येत नाही, हे खरं. पण तो धरताही येत नाही. पाठलाग होतो, झेप होते आणि पंजाखाली काहीच सापडत नाही. काही मांजरं त्यानंतर भिंतीवरच्या प्रत्येक कवडशामागे, घड्याळाच्या चकाकीमागे लागतात आणि ते वेड सुटता सुटत नाही. आधीच पोटावरचे केस चाटून काढणाऱ्या, बेचैन मांजराला मी ते देणार नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या लॅब्रॅडोरवाल्या शेजाऱ्यांनी मोठ्या मायेने एक जाडजूड गाठींचा दोर पाठवला होता. दोरा बारीक होता म्हणून धोका, तर हा जाड आहे, असा त्यांचा हिशेब. दोर जाड असतो तो शंभर दोऱ्यांचा मिळून. कुत्र्याने किंवा मांजराने चावला की एकेक धागा सुटतो आणि प्रत्येक सुटलेला धागा हे चिंगीचंच प्रकरण. लॅब्रॅडोरलाही तो एकट्याने चघळायला देऊ नका, असा निरोप पाठवला. कुत्र्यांचा विषय वेगळा आहे, इथे दोनच वाक्यं: चघळायची वस्तू इतकी कडक नको की नखाने दाबल्यावर खूणही उठणार नाही, नाहीतर वरची मोठी दाढ फुटते. आणि चेंडू घशात जाणार नाही एवढा मोठा हवा.

मुलाने फोनवर विचारलं, आयएसआय मार्क बघून नवीन घेऊ का? अतिशय रास्त प्रश्न. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण तो आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा आहे. प्राण्यांच्या खेळण्यांना तो लागू होत नाही. पाकिटावर 'सुरक्षित', 'बिनविषारी' असं काहीही छापलेलं असलं तरी घरी ओढून, पिळून, वास घेऊन बघणं आपल्याच हातात राहतं.

आणि खरं सांगायचं तर मांजर गिळतं त्यातल्या फार कमी वस्तू खेळणी म्हणून विकत आणलेल्या असतात. केसांचे रबर, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, वाळलेल्या गजऱ्याचा दोरा, देवाच्या हाराचा दोरा, राखीची रेशीमगाठ, गणपतीच्या सजावटीतल्या झिरमिळ्या, मटणाच्या पिशवीला बांधलेला दोरा, त्याला तर वासही असतो. संक्रांतीनंतर गॅलरीत येऊन पडलेला मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांवर आणि तारांवर लोंबताना दिसतो. सूनबाईंना सांगितलं की झाकणाचा डबा स्वयंपाकघरात, एक बाथरूममध्ये आणि निर्माल्यासाठी एक. उघडी कचरापेटी घरात नको. ही एक गोष्ट केली तर दुकानातली सगळी चर्चा अर्धी होते.

आजींच्या हातातली काडी

खेळायचं कसं, हे शिकवायला मला वस्तू निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. नातीने काडी घेतली की ती चिंगीच्या तोंडासमोर नाचवायची. कुठलाही उंदीर मांजराच्या तोंडावर चालून येत नाही. तो लांब पळतो, थांबतो, कडेकडेने सरकतो, सोफ्याच्या कोपऱ्यामागे नाहीसा होतो. पट्टी जमिनीवरून लांब न्यायची, आडोशामागे अर्धी लपवायची, मध्येच स्तब्ध ठेवायची. मांजर नुसतं बघत बसलंय म्हणजे खेळत नाही, असा समज असतो. दबा धरून बघणं हा खेळाचा अर्ध्याहून अधिक भाग आहे. मधून मधून तिला पकडू द्यायचं, चावू द्यायचं, मागच्या पायांनी लाथा मारू द्यायच्या. शेवटी हालचाल मंद करत न्यायची, शिकार दमल्यासारखी, शेवटची पकड तिची. आणि लगेच जेवण. दबा, पाठलाग, पकड, खाणं, मग अंग चाटून झोप, हा क्रम मांजराच्या अंगात जसा आहे तसाच पुरा होऊ द्यायचा.

मुख्य वेळा दोन ठरल्या. सकाळी सगळे बाहेर पडायच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, दर वेळी दहा मिनिटं. संध्याकाळी आजी खोलीतून बाहेर येण्याआधी नातीने पाच मिनिटं. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागं असतं, म्हणून या वेळा. मुलगा म्हणाला, सकाळी दहा मिनिटं आणायची कुठून? पहाटे तीनला उठून जी मिनिटं जातात त्यातून आणा, असं सूनबाईंनीच त्यांना सांगितलं.

आजींनी खुर्चीत बसून काडी हातात घेतली ती केवळ बघावं म्हणून. त्यांचा हात संथ. पट्टी जमिनीवर जरा सरकायची आणि बराच वेळ पडून राहायची. चिंगी दाराआडून निघाली, पोट जमिनीला लावून, आणि साडीकडे न बघता पट्टीवर गेली. घरात सगळ्यांत चांगला खेळ आजींचा होतो, हे आता सगळ्यांना मान्य आहे. पायांवर हल्ला होणाऱ्या माणसाच्याच हातात काडी द्यावी असं मी आता मुद्दाम सांगते. मांजराला त्या माणसाच्या आसपास काय धरायचं हे नव्याने कळतं. खेळ संपेपर्यंत पाय खुर्चीवर घेऊन बसा, हे मात्र आजींना बजावावं लागलं.

एकटी असतानाच्या वेळेसाठी दोर, पट्टी, पीस असलं काही नाही. भरलेलं भांडं बंद केलं. दिवसभराचं ड्राय फूड मोजून अंड्यांच्या कागदी ट्रेच्या खळग्यांत टाकायचं, काही खळग्यांवर कागदाचे बोळे ठेवायचे. पंजाने एकेक दाणा काढायला तिला वेळ लागतो. टेबल टेनिसचा चेंडू मोठ्या परातीत. पुठ्ठ्याचं खोकं, पण त्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून. कागदी पिशवी दिली तर बंद कापून, कारण बंदात मान अडकते आणि घाबरलेलं मांजर पिशवीसकट धावत सुटतं. नखं घासायला फळीवर ठोकलेलं काथ्याचं पायपुसणं भिंतीला उभं लावलं, ती पूर्ण ताणून उभी राहील इतकं उंच. खिडकीत बसायला फळी केली, पण त्याआधी खिडकीला आणि गॅलरीला बारीक स्टीलची जाळी बसवली. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकतं, आणि चौथ्या मजल्यावर खिडकीसमोर कबुतर बसलं की झेप घेताना मांजर उंची मोजत नाही.

मशीनचं काय? आजींचं ते काम आहे, उत्पन्न आहे आणि आनंदही. ते बंद खोलीतच राहावं असं मला वाटत नव्हतं. रिळं आणि बॉबिन घट्ट झाकणाच्या डब्यात. मशीनवरचा दोरा काम संपलं की काढायचा. कापलेले दोरे खाली न टाकता शेजारी अडकवलेल्या चेन लावलेल्या पिशवीत. उठताना जमिनीवरून लोहचुंबक फिरवायचं, सुई-टाचणीसाठी. हे सगळं झालं की दार उघडं. काम चालू असताना मात्र बंद. आजींना ही शिस्त सोपी गेली. त्या म्हणाल्या, घरात रांगतं मूल होतं तेव्हा हेच करत होते.

आजची स्थिती

आजींच्या पायांवरचे हल्ले तीनेक आठवड्यांत थांबले. मध्ये एकदा पाहुणे आले, चार दिवस खेळ झाला नाही आणि रॅकमागून पुन्हा एक झेप आली, पण दात लागले नाहीत. वजन सावकाश उतरतंय. मांजराचं वजन झपाट्याने उतरवायचं नसतं, एकदम उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साठून ते जिवावर बेततं. पोटाखाली केस आले आहेत, एक रुपयाएवढी जागा सोडून. पहाटेचं धावणं कमी झालंय, गेलेलं नाही. वायर कुरतडणं थांबलंय असं घरचे म्हणतात, तरी वायरींवर प्लास्टिकची नळी चढवूनच ठेवा असं मी सांगितलंय.

नातीला आता दुसरं मांजर हवं आहे, चिंगीला सोबत म्हणून. आजींचाही कल तिकडे झुकतोय. माझं मत सध्या नाही असं आहे. दोन मांजरं एकमेकांशी खेळतीलच याची खात्री नसते, आणि चिंगीचं चाटणं पूर्ण थांबलेलं नसताना घरात अनोळखी मांजर आणणं म्हणजे तिच्यावर नवा ताण. पोटावरचा तो उरलेला ठिपका भरू द्यावा, वजन जागेवर यावं, आणि माणसांचा रोजचा खेळ परीक्षा-पाहुण्यांच्या गडबडीतही टिकतोय हे दिसावं. पुढच्या लसीला येतील तेव्हा पुन्हा बोलू, असं ठरलं आहे.